गाडी कायच्यानं मेली?

चारचाकीचं इंजिन कायमचं बसलं की मालकापुढे तीनच रस्ते उरतात. एक, तेच इंजिन खोलून नव्यासारखं करायचं. दोन, दुसऱ्या गाडीतून निघालेलं जुनं इंजिन आणून बसवायचं. तीन, गाडी भंगारात द्यायची आणि नवी घ्यायची. आपल्यासारख्या आयटीवाल्या मंडळींना यातला तिसरा रस्ता इतका अंगवळणी पडलाय की पहिले दोन आहेत हेच आपण विसरलोय. फोनची बॅटरी लवकर उतरायला लागली की आपण नवा फोन घेतो. हसू नका, मीही घेतो.

पण गाडी जेव्हा घरातली कमावती असते तेव्हा हिशेब वेगळा होतो. तो हिशेब मी ऑक्टोबर २०२३ मध्ये अगदी जवळून पाहिला, माझ्या मामाजींकडे, कोंढ्याला. (आमच्याकडे नुसतं 'मामा' म्हणत नाहीत, 'मामाजी' म्हणतात. पुण्यात आल्यापासून हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.)

कोंढा म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं गाव. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालात की अड्याळच्या पुढे लागतं. सगळा धानाचा मुलूख. मामाजींकडे अडीच एकर शेती आणि एक पिकअप. शेती घरच्या तांदळाचं बघते, रोख पैसा आणते ती पिकअप. ऑगस्ट २००९ ची बोलेरो पिकअप, एमएच ३६ पासिंग, काट्यावर सव्वातीन लाख किलोमीटर. उन्हाळ्यात लग्नाचा मंडप आणि भांडी, पावसाळ्यात खताची पोती, हिवाळ्यात भाजी घेऊन नागपूरचं कळमना मार्केट, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत धान, धान आणि धान. वर्षाची खरी कमाई याच दोन-अडीच महिन्यांत होते.

आणि नेमकी दसऱ्याच्या आधी गाडी बसली.

झालं असं की भंडाऱ्याहून माल घेऊन येताना रेडिएटरचा खालचा होज पाइप फाटला. पाणी सगळं रस्त्यावर. टेंपरेचरचा काटा वर्षभरापासून बंद होता, त्यामुळे गाडी चालवणाऱ्या पोराला कळलं ते बोनटमधून वाफ आल्यावरच. तोवर इंजिन जाम. गावातल्या मिस्त्रींनी हेड उतरवून बघितलं. हेड वाकलं होतं, ते एक वेळ घासून सरळ करता आलं असतं. पण ब्लॉकलाच दोन सिलिंडरच्या मध्ये तडा गेला होता. म्हणजे पहिला रस्ता जवळजवळ बंद. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे सगळं नवं मिळतं. पण ज्या ब्लॉकमध्ये ते बसवायचं तोच फुटला की नवं हाफ इंजिन घ्यावं लागतं (हेडशिवायच्या खालच्या अर्ध्या भागाला गॅरेजवाले हाफ इंजिन म्हणतात). मजुरीसकट खर्च सव्वा लाखाच्या पुढे जात होता.

तिसरा रस्ता मी सुचवून बघितला. नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांचा आकडा, पाच वर्षांचे हप्ते. मामाजी अठ्ठावन्न वर्षांचे. धाकटी मुलगी बीएस्सी नर्सिंगला, जानेवारीत तिच्या फीचे साठ हजार भरायचे होते. हातात सगळे मिळून एक लाख दहा हजार, आणि त्यातच ते साठ हजार आले.

"बाबू, आता या वयात हप्ते भरू का मी?" मामाजी म्हणाले. "पोरीचे भरू का गाडीचे भरू?"

यावर माझ्याकडे एक्सेल शीट होती, उत्तर नव्हतं.

शिवाय वयाचा मुद्दा होताच. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दर वर्षी फिटनेस करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी चांगलीच वाढली आहे. मामाजींच्या गाडीला पंधरा पूर्ण व्हायला दहा महिने राहिले होते. अशा गाडीत पैसे घालावेत का? मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. चेसिस सरळ आहे, पाटे चांगले आहेत, गिअर बॉक्स आवाज करत नाही, मागच्याच वर्षी डाल्याचा पत्रा बदललाय. फक्त इंजिन गेलंय. एवढ्यासाठी सगळी गाडी कापायची का?

तर दुसरा रस्ता ठरला. दसऱ्याला गाडी अंगणात तशीच उभी होती, मामींनी तिला हार घातला, आणि शुक्रवारी आम्ही नागपूरला निघालो.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथेच मला मिस्त्री हा माणूस कळला. इंजिन शोधायच्या आधी त्यांनी जुनं रेडिएटर उतरवून साफ करायला पाठवलं. मी म्हटलं, इंजिनाचाच पत्ता नाही आणि तुम्ही रेडिएटरच्या मागे? तर म्हणाले, "पहिले हे. नाई तं नवं इंजिनबी याच्यानंच मरन." आणि खरंच, रेडिएटरच्या अर्ध्याअधिक नळ्या गाळाने बुजलेल्या निघाल्या. होज फाटला हे निमित्त झालं; गाडी त्याआधी कित्येक महिने गरम धावत होती. आपल्याकडे सर्व्हर पडला की आपण आधी रीस्टार्ट मारतो आणि मग रूट कॉजची मीटिंग पुढच्या आठवड्यात ठेवतो. मिस्त्री आधी मारेकरी पकडत होते.

आता थोडं इंजिनाबद्दल, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

या पिकअपमध्ये चार सिलिंडरचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन असतं. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. हे आकडे विचित्र वाटतात ना? इंचांत करून बघा: साडेतीन इंच आणि बरोब्बर चार इंच. पाव-अर्ध्या इंचांच्या भाषेत विचार करणाऱ्या काळातलं हे माप आहे. जाड, साधं, संथ, आणि कुठेही दुरुस्त होणारं. ताकद ६३ हॉर्सपॉवर, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. पण जोर खालच्या वेगातच मिळतो आणि धानाच्या पोत्यांना तोच लागतो.

इंजिन बदलणं हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपमध्ये पेट्रोल इंजिन होतं. पुढे डिझेल स्वस्त आणि पेट्रोल महाग असं झाल्यावर कितीतरी मालकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवून घेतलं. जुन्या जीपचा शौक असलेल्या कुणालाही विचारा, 'ओरिजिनल पेट्रोल इंजिन आहे' हे वाक्य तो छाती फुगवून सांगतो, कारण बहुतेकांची इंजिनं मध्येच कधीतरी बदललेली असतात.

आज मात्र मनाला येईल ते इंजिन बसवता येत नाही. कायद्याचा भाग पुढे येईलच, पण त्याआधी तांत्रिक अडचण आहे. २००९ मध्ये भंडाऱ्यात पासिंग झालेली गाडी म्हणजे भारत स्टेज दोनची. देशभर स्टेज तीन आलं २०१० मध्ये, चार आलं २०१७ मध्ये आणि सहा २०२० मध्ये. दर टप्प्याला इंजिनात फरक पडत गेले. मामाजींच्या गाडीतला डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. ॲक्सिलरेटरची तार ओढली की पंपाचा खटका हलतो, बस्स. त्याच २५२३ सीसीचं पुढचं इंजिन कॉमन रेलचं आहे. त्याला सेन्सर लागतात, ईसीयू लागतो, वेगळं वायरिंग लागतं. बाहेरून दोन्ही सख्खी भावंडं दिसतात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे: लायब्ररीचं नाव तेच, व्हर्जन पुढचं, आणि फंक्शनचे पॅरामीटर सगळे बदललेले.

असो. नागपूरला पोचलो.

जुन्या इंजिनांच्या गोदामात तुम्ही कधी गेला असाल तर तो वास विसरणार नाही. काळं तेल, गंज आणि डिझेल. जमिनीवर ओळीने इंजिनं मांडलेली, कुणाला टर्बो आहे, कुणाला नाही, कुणाचं सेल्फ काढून नेलेलं. दुकानदार गोड बोलणारा. त्याने आम्हाला पहिलं इंजिन दाखवलं ते चंदेरी रंग मारलेलं, चकाचक. "मक्खन इंजिन है काका," म्हणाला. भाव एक्केचाळीस हजार.

मिस्त्री खाली बसले. त्यांनी भाव विचारला नाही, किती चाललंय तेही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला: "गाडी कायच्यानं मेली?"

दुकानदाराला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी हिंदीत पुन्हा विचारलं. हे इंजिन ज्या गाडीतून निघालं ती गाडी कशामुळे भंगारात आली?

"पता नहीं. लॉट में आया."

मिस्त्री उठले.

नंतर चहा पिताना त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मंडळी, मी सांगतो, प्रोबॅबिलिटीचा इतका चांगला तास मला कॉलेजात मिळाला नव्हता. भंगारात आलेली गाडी दोन कारणांनी आलेली असते. एक तर तिचं इंजिन गेलेलं असतं, किंवा इंजिन सोडून दुसरं काहीतरी गेलेलं असतं. पहिल्या प्रकारातलं इंजिन धुऊन, रंगवून, गॅस्केट बदलून विकायला ठेवता येतं, महिनाभर चालतंही. दुसऱ्या प्रकारातलं इंजिन तेलकट, घाणेरडं दिसतं, पण ते चालता चालता थांबवलेलं असतं. मागून ट्रकने ठोकलेली गाडी, कडेच्या नाल्यात उलटलेली गाडी, चेसिस वाकलेली गाडी... अशा गाडीचं इंजिन शोधायचं. किती किलोमीटर चाललं याला फारसा अर्थ नाही, काटा कुणीही फिरवू शकतो. गाडीच्या मरणाचं कारण मात्र लपवणं अवघड, कारण त्याचे कागद असतात.

आणि त्या चंदेरी इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट त्यांनी रंगाखाली बोट फिरवून पाहिली होती. इंजिन नंबर जिथे ठोकलेला असतो तिथला भाग घासल्यासारखा गुळगुळीत लागत होता. त्याचा अर्थ काय ते आम्ही कुणीच मोठ्याने बोललो नाही.

दुसरं इंजिन स्वस्तात पडत होतं, ते निघालं कॉमन रेलचं. दुकानदार म्हणाला, पंप बदलून टाका, बसतं. मिस्त्रींनी फक्त मान हलवली.

तिसरं इंजिन दुसऱ्या दुकानात मिळालं. धुळीने माखलेलं, कुणी पुसलंही नव्हतं. "गाडी कायच्यानं मेली?" याचं उत्तर लगेच आलं: मागून ठोकली, डाला आणि चेसिस गेली. दुकानदाराने फाइल काढून दाखवली. गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आरसीची झेरॉक्स आणि त्यावरचा इंजिन नंबर. मिस्त्रींनी टॉर्च मारून ब्लॉकवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी कागदावर टिक करत गेलो. जुळला.

मग तपासणी. जमिनीवरच इंजिनाला बॅटरी जोडली, डिझेलचा कॅन लावला, नळाच्या पाइपने पाणी दिलं आणि सेल्फ मारला. दुसऱ्या टप्प्यात पकडलं. मिस्त्रींनी तेल भरायच्या तोंडाचं झाकण उलटं करून नुसतं वर ठेवलं. रिंगा झिजल्या असतील तर खालून येणारा वायू ते झाकण उडवून देतो. झाकण थरथरत राहिलं, उडालं नाही. पुलीला हात घालून क्रँकची मागे-पुढे हालचाल पाहिली. पाणी जाण्याच्या वाटेत गंज पाहिला. तेलाची काडी काढून दोन बोटांत चोळली. पाणी मिसळलं असेल तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं, हे काळं होतं. काळं म्हणजे चांगलं. भाव अठ्ठावन्न हजार, पक्क्या बिलासकट. सतरा हजारांचा फरक.

मामाजी बराच वेळ गप्प होते. सतरा हजार म्हणजे त्यांच्या धानाच्या हंगामातली पंधरा-वीस दिवसांची कमाई. आणि हे सगळे पैसे जाणार होते फीच्या पैशांतूनच. जानेवारीच्या आत गाडीने ते परत कमवायचे होते. गाडी महिनाभर जरी पुन्हा बसली असती तर मुलीचं वर्ष अडकलं असतं. शेवटी त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि मिस्त्रींच्या हातात दिल्या, दुकानदाराच्या नाही. "तुमी मोजा," म्हणाले.

शनिवारी, २८ तारखेला काम सुरू झालं. त्या दिवशी कोजागिरी होती, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही. ग्रहण रात्री एकनंतर, पण वेध दुपारपासूनच, त्यामुळे मसाला दूध करायचं की नाही यावर घरात जोरदार चर्चा चालू होती. बाहेर आम्ही लाकडी तिपाईला चेनपुली बांधत होतो.

इंजिन काढणं म्हणजे मुख्यतः सोडवणं. बोनट काढलं, बॅटरी, रेडिएटर, होज, डिझेलच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची तार, सेल्फ आणि अल्टरनेटरच्या वायरी, सायलेन्सरचा पाइप. प्रत्येक वायरीला मी चिकटपट्टी लावून नंबर घातला आणि फोनवर फोटो काढला. मिस्त्री हसले, पण रविवारी दोनदा फोटो मागून घेतले. मग गिअर बॉक्सचे बोल्ट, त्याखाली जॅक, आणि शेवटी फाउंडेशनचे नट, म्हणजे ज्या रबरी ठोकळ्यांवर इंजिन बसतं ते. दोनशे किलोच्या वरचं ते धूड साखळीला लटकून बाहेर आलं तेव्हा गल्लीतली सगळी पोरं जमली होती. रिकाम्या बोनटमध्ये बघताना विचित्र वाटतं. एवढ्या मोठ्या गाडीत आत एवढीच पोकळी.

मिस्त्रींचा एक नियम होता: इंजिन बाहेर आहे तोवर जे बदलायचं ते बदला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पट्टे, सगळे होज. यातली एकेक वस्तू काही शे ते काही हजारांची. पण तेल सील शंभर-दोनशे रुपयांचं असलं तरी ते बदलायला नंतर पुन्हा गिअर बॉक्स उतरवावा लागतो. खर्च वस्तूचा नसतो, तिथपर्यंत पोचण्याचा असतो. टेंपरेचरचा काटाही त्यांनी तेव्हाच चालू केला. मामाजींनी न सांगता.

सगळ्यात कटकट झाली ती इंजिन आणि गिअर बॉक्स जुळवताना. क्लच प्लेट अगदी मधोमध बसली नाही तर गिअर बॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. मिस्त्रींकडे त्यासाठी जुन्या गिअर बॉक्सचा कापलेला शाफ्ट होता, तो घालून प्लेट मधोमध धरली आणि बोल्ट आवळले. तरीही शेवटचा इंचभर अडला. एक जण साखळी धरून, एक खाली झोपून, मी पुढून पुली हळूहळू फिरवतोय... आणि एकदम 'खट्' आवाज होऊन दोन्ही तोंडं मिळाली. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पहिल्या खेपेत बिल्ड पास होण्याचं काही वाटणार नाही.

रविवारी दुपारी चार वाजता तेल भरलं, कूलंट भरलं. मिस्त्रींनी आधी डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ फिरवला, तेलाचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटायला नको. मग फिल्टरवरचा हातपंप मारून नळ्यांतली हवा काढली. नोझलच्या नटापाशी आधी बुडबुडे येतात, मग नुसतं डिझेल. नट आवळले. "मारा सेल्फ."

तिसऱ्या खेपेला पेटलं. आधी पांढरा धूर, थोड्या वेळाने धूर दिसेनासा. मामाजी बोनटकडे बघतच नव्हते, ते काट्याकडे बघत होते. काटा चढत गेला, मध्यावर आला, आणि थांबला. थर्मोस्टॅट उघडला होता.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. आमची संपली नाही, कारण नवा इंजिन नंबर अजून आरसीवर नव्हता.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. त्याच जातीचं, त्याच क्षमतेचं इंजिन बसवणं यात मोडत नाही. पण तेही चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर चढवावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही लागते. मामाजींचं कर्ज केव्हाच फिटलं होतं.

गावात सल्ला मिळाला तो असा: "कोन पाह्यते भाऊ? इंजिन नंबर वाचाले कोन बोनट उघडते?" आणि हे पूर्ण खोटंही नाही. रस्त्यावर शंभरात नव्व्याण्णव वेळा कुणी बघत नाही. मी विम्याचा मुद्दा मांडला. पॉलिसीवर जुना नंबर आहे. उद्या अपघात झाला, समोरच्याला लागलं, सर्व्हेअरने बोनट उघडलं आणि नंबर वेगळा निघाला तर क्लेम तिथेच अडेल. आणि थर्ड पार्टीचा आकडा अठ्ठावन्न हजारांत मावत नसतो.

मामाजींचं कारण वेगळं होतं. ते म्हणाले, "एक दिवस कोनी उघडलंच बोनट, तं का सांगू? चोरीचं नाही म्हनून शपथ घेऊ का?" ते चंदेरी इंजिन त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. कुणीतरी ते घेतलं असणार. त्या माणसाकडे दाखवायला काय आहे?

तेव्हा ऑनलाइन अर्ज, इंजिनाचं बिल, मूळ गाडीच्या नोंदणी-रद्दचा कागद, विमा, पीयूसी आणि फिटनेस असा गठ्ठा घेऊन भंडाऱ्याला दोन चकरा झाल्या. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी बघितली, नंबर पडताळला. नवी आरसी आल्यावर तिची प्रत विमावाल्यांना दिली, पॉलिसीवरही नंबर बदलून घेतला. त्या सतरा हजारांमधून नक्की काय विकत घेतलं ते मला तेव्हा दिसलं. तो कागद नसता तर हे काही शक्य नव्हतं.

हिशेब आवडणाऱ्यांसाठी: इंजिन ५८,०००, ते आणायचं भाडं २,०००, रेडिएटर आणि होज ७,५००, क्लच, सीलं, पट्टे, तेल वगैरे १४,०००, मजुरी ९,०००. एकूण ९०,५००, आरटीओची फी वेगळी. म्हणजे हातातल्या एक लाख दहा हजारांतले उरले एकोणीस हजार पाचशे. त्या हंगामात गाडी एक दिवसही उभी राहिली नाही. जानेवारीत फी वेळेवर गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये गाडीने पंधरा पूर्ण केली, वाढीव फी भरून फिटनेसही झाली. अजून किती वर्षं चालेल ते मिस्त्रीही सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पानी पाहत जा, बस."

राहता राहिलं जुनं इंजिन. ब्लॉक फुटलेला असला तरी त्याचा डिझेल पंप, सेल्फ आणि अल्टरनेटर धडधाकट होते. ते मामाजींनी उतरवून पोत्यात बांधून ठेवले होते. डिसेंबरात लाखांदूरकडचा एक पिकअपवाला पंप बघायला आला. पंप हातात घेऊन उलटासुलटा केला, भाव विचारला, आणि मग त्यानेही विचारलं, "गाडी कायच्यानं मेली?"

मामाजींनी त्याला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. फाटलेला होज, बुजलेलं रेडिएटर, वर्षभर बंद असलेला काटा, सव्वातीन लाख किलोमीटर. काही वगळलं नाही. वर मिस्त्रींचा नंबरही दिला, विचारून घ्या म्हणाले. त्या माणसाने पाचशे रुपये कमी करायला सांगितले, मामाजींनी तीनशे केले, आणि पंप गेला.